मोटरहोमने लांबचा प्रवास करताना बायकांनी अंघोळ, केस, पाळी आणि गाडी हे सगळं कसं सांभाळावं?

तुम्ही आणि तुमची बहीण, दोघीच, भाड्याच्या मोटरहोमने, म्हणजे झोपायची, स्वयंपाकाची आणि टॉयलेटची सोय असलेल्या गाडीने, महिनाभर फिरणार. दोघींचे केस लांब, पाळी प्रवासातच येणार आणि गाडीतलं दोघींनाही फारसं कळत नाही. शिवाय "नटणंमुरडणं सोडा हा सल्ला नको" असंही तुम्ही लिहिलंय. नाही देत. लिपस्टिक पाच न्या नाहीतर दहा, त्यांना वजन नसतं.

मी अशा गाडीतून बरीच फिरते, कधी एकटी, कधी मैत्रिणीबरोबर. तुम्ही स्वच्छतेचं आणि गाडीचं वेगवेगळं विचारलंय, पण ते एकच आहे. घरी मोरीतून पाणी गेलं की ते कुठे गेलं हे बघावं लागत नाही. इथे आरशासमोर केलेलं प्रत्येक काम गाडीच्या कुठल्या तरी टाकीत, बॅटरीत नाहीतर खिडकीवर जाऊन पडतं. तेव्हा बॅग भरण्याआधी गाडीच्या तीन गोष्टी विचारून घ्या: चांगल्या पाण्याची टाकी किती लिटरची, सांडपाण्याची किती आणि बॅटरी कुठली.

पाण्यापासून सुरू करते. समजा टाकी १०० लिटरची आहे. घरच्या शॉवरमधून मिनिटाला साधारण ८ ते १० लिटर पाणी जातं, म्हणजे घरच्यासारखी दहा मिनिटांची एक अंघोळ आणि टाकी रिकामी. गाडीतल्या शॉवरची धार बारीक असते, तरी पद्धत बदलावीच लागते. अंग भिजवा, नळ बंद. साबण लावा, पुन्हा नळ सुरू. हँडलवरच बंद-चालू करायचं बटण असलेला शॉवर मिळाला तर उत्तम, कारण दर वेळी गरम-गार जुळवण्यात वाया जाणारं पाणी वाचतं. बऱ्याच गाड्यांत गरम पाण्याचा बॉयलर जेमतेम १० लिटरचा असतो. लांब केसवाली आधी गेली तर दुसरीला वाट बघावी लागते, म्हणून दोघींनी केस धुण्याचे वार वेगळे ठेवा. मी तर केस कॅम्पसाइटवरच्या (अशा गाड्या मुक्कामाला लावायच्या जागेतल्या) बाथरूममध्येच धुते आणि गाडीतली अंघोळ मानेखालची ठेवते.

शॉवरमध्ये शिरण्याआधी केस कोरडे असतानाच विंचरा. गळणारे केस कंगव्यात येतात, नाहीतर ते सांडपाण्याच्या बारीक पाइपात जाऊन बसतात आणि चार दिवसांनी गाडीला वास मारायला लागतो. जाळीवर बसणारी केस अडवायची रबरी चकती जरूर न्या. तेल लावून शॉवरच्या ट्रेमध्ये उभं राहू नका. तो प्लॅस्टिकचा असतो, पाय घसरतो आणि तेलकट थर पाइपात जमतो. ड्राय शाम्पू न्यायचा तर न्या, पण तो फक्त तेल शोषतो, डोकं धुतलं जात नाही. ओळीने तीन-चार दिवस मारलात तर खाज सुटणारच.

आता हेअर ड्रायर, कारण यावरून दोघींत भांडण होऊ शकतं. १५०० वॅटचा ड्रायर १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवला तर १२५ अँपिअर लागतात, इन्व्हर्टरमधली गळती धरून १४० च्या आसपास. दहा मिनिटांत २३ अँपिअर-तास गेले. १०० अँपिअर-तासांच्या साध्या लेड-ॲसिड बॅटरीतले निम्मेच वापरावेत असं मानतात, म्हणजे एकीचे केस वाळेपर्यंत दिवसाची जवळजवळ अर्धी वीज संपली. दिवे, पाण्याचा पंप आणि हीटरचा पंखा उरलेल्यावर. लिथियम बॅटरी असेल तर जरा सैल हाताने वागता येतं. बाहेरून वीज जोडली तरी सगळीकडे भरपूर मिळते असं नाही. काही ठिकाणी फक्त ६ अँपिअर देतात, म्हणजे २३० व्होल्टवर १३८० वॅट. १५०० वॅटचा ड्रायर एकटाच त्यावर जड, सोबत किटली लावली की वीज गेलीच. वीज जोडायची केबल रिळावर गुंडाळलेली तशीच वापरू नका, पूर्ण उलगडा; गुंडाळलेली केबल भार वाढला की तापते आणि वितळू शकते.

यावर उपाय सोपा आहे: मायक्रोफायबरचा टॉवेल, अर्धवट ओले केस वेणीत घालून झोपणं (सकाळी फुकटच्या लाटा मिळतात) आणि केस दुपारी उन्हात वाळवणं. ओले केस आणि ओले टॉवेल रात्री गाडीत ठेवून खिडक्या घट्ट लावू नका. दोन माणसांच्या श्वासानेच काचा ओघळतात, त्यात ही भर पडली की गादीखाली बुरशी धरते. छताचा व्हेंट थोडा आणि समोरची एखादी खिडकी फटीपुरती उघडी असू द्या. गळलेला गॅस साठू नये म्हणून जमिनीलगत ज्या जाळ्या दिलेल्या असतात त्या मात्र थंडी वाजते म्हणून कधीही बुजवू नका.

हे फार कमी जणी सांगतात: मोटरहोमच्या मागच्या खिडक्या बहुधा काचेच्या नसून ॲक्रिलिकच्या, म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकच्या असतात. नेलपॉलिश रिमूव्हरमधल्या ॲसिटोनचा एक शिंतोडा उडाला तर तिथे कायमचा पांढरट डाग आणि बारीक भेगा पडतात. परफ्यूम किंवा अल्कोहोलवाला काचा पुसायचा स्प्रेसुद्धा तिथे नको. भाड्याच्या गाडीत ती खिडकी तुमच्या अनामत रकमेतून जाते. नखं बाहेर खुर्चीत बसून रंगवा. केसांचा रंग तर घरूनच लावून निघा, पांढऱ्या प्लॅस्टिकच्या बेसिनवरून तो निघत नाही. वॅक्सिंगचंही तेच. अधेमधे लागलं तर बॅटरीवरचा ट्रिमर पुरतो. रेझर वापरायचा तर भांड्यात पेलाभर पाणी घेऊन बसा, नळ सोडून नको.

हेअर स्प्रे, ड्राय शाम्पू, डिओ यांचे दाबाचे डबे ५० अंशांच्या वर तापू द्यायचे नसतात, तसं डब्यावरच छापलेलं असतं. उन्हात बंद उभ्या गाडीचा डॅशबोर्ड त्याच्या वर सहज जातो. ते खालच्या, सावलीतल्या कप्प्यात ठेवा आणि गॅसची शेगडी पेटलेली असताना फवारू नका. सनस्क्रीनही उन्हात तापून खराब होतं. आणि ते गाडीत बसतानाही लावायचं, कारण समोरची काच अतिनील-अ किरण जवळजवळ सगळे अडवते, बाजूची बहुतेक गाड्यांत तेवढे अडवत नाही. खिडकीकडचा गाल आणि हात वेगळ्या रंगाचे झालेल्या लांबच्या प्रवासातल्या बायका मी पाहिल्यात.

पाळीचं. मेन्स्ट्रुअल कप जमत असेल तर मोटरहोमसाठी त्यासारखं काही नाही, कारण कचरा होत नाही आणि बहुतेक कप १२ तासांपर्यंत ठेवता येतात. टॅम्पॉन ८ तासांच्या वर नको. पण कप पहिल्यांदा प्रवासातच वापरून बघू नका, आधी घरी दोन-तीन पाळ्यांत सवय करा. आत हात घालण्याआधी हात साबणाने धुवा, रिकामा केल्यावर पिण्याच्या पाण्याने खंगाळा आणि पाळी संपल्यावर उकळा, त्यासाठी एक छोटं भांडं वेगळं ठेवा. पॅड वापरणार असाल तर झाकणाचा छोटा डबा आणि अपारदर्शक पिशव्या ठेवा आणि तो डबा रोज रिकामा करा. गाडी छोटी आहे, उन्हात वास लपत नाही. पाळीच्या पँटी चांगल्या, पण त्या धुवायला पाणी खूप जातं हे मोजूनच न्या.

पॅड, टॅम्पॉन, वेट वाइप्स यांतलं काहीही गाडीच्या टॉयलेटमध्ये टाकायचं नाही. पाकिटावर "फ्लश करता येतात" असं छापलेलं असलं तरी नाही. गाडीत बहुधा कॅसेट टॉयलेट असतं, म्हणजे खालची मैल्याची टाकी बाहेर काढून रिकामी करायची; ती टाकी साधारण १८-२० लिटरची असते आणि तिच्या तोंडावर सरकणारं झाकण व रबरी सील असतं. वाइप तिथे अडकला की झाकण बंद होत नाही, आणि मग जे होतं ते हाताने निस्तरावं लागतं. टॉयलेट पेपर पटकन विरघळणारा घ्या. बाटलीत पाणी घालून एक तुकडा टाका, हलवा. लगदा झाला तर चालेल. सीलला व्हॅसलीन किंवा खायचं तेल लावू नका, सिलिकॉनचा स्प्रे लावा. त्या टाकीत ब्लीचही घालू नका, रबर खराब होतं.

दोघी असाल तर ही टाकी दोन-तीन दिवसांत भरते आणि भरलेली टाकी २० किलोच्या आसपास जाते. लाल दिवा लागेपर्यंत थांबू नका, अर्धी झाली की रिकामी करा. कंबर तुमची आहे. हातमोजे घाला, ओतताना हवेचं बटण दाबून ठेवा म्हणजे उडत नाही. टाकी ओतायच्या जागी ती खंगाळायला लावलेली नळी असते, तिने पिण्याचं पाणी कधीही भरू नका; लोक ती नळी कुठे कुठे खुपसतात ते मी पाहिलंय. पिण्याच्या पाण्याची नळी स्वतःची, वेगळ्या पिशवीत.

चांगल्या पाण्याची टाकी आधी कुणी, कशी वापरली हे कळत नाही, म्हणून निघताना ती शुद्ध करून घ्या. साधा बिनवासाचा ब्लीच, ५ टक्क्यांच्या आसपासचा, लिटरमागे १ मिली. टाकी भरा, प्रत्येक नळ वास येईपर्यंत सोडा, रात्रभर ठेवा, मग ओतून वास जाईपर्यंत धुवा. ब्लीचबरोबर व्हिनेगर किंवा टॉयलेटचं दुसरं कुठलंही रसायन मिसळू नका, विषारी वायू होतो.

एक गोष्ट कळकळीने सांगते. रात्री बाहेर जायला नको, टाकी भरायला नको म्हणून बायका पाणी कमी पितात आणि लघवी दाबून धरतात. मूत्रमार्गाचा संसर्ग होण्याची शक्यता त्याने वाढते. पाणी प्या, जा. सुती अंतर्वस्त्रं, ओला पोहण्याचा पोशाख लगेच बदलणं, पुसताना पुढून मागे, आणि आतल्या भागाला सुगंधी वाइप किंवा वॉश अजिबात नको. जळजळ दोन दिवस राहिली, किंवा ताप आणि पाठीत-कुशीत दुखणं आलं, तर पुढचा मुक्काम रद्द करून डॉक्टरकडे जा.

गाडीकडे वळते. तुम्हाला नट पिळायला ताकद लागेल ही भीती आहे. लागत नाही, लांब दांड्याचा पाना लागतो. अर्ध्या मीटरच्या दांड्यावर ६० किलोची बाई उभी राहिली की पिळायचा जोर जवळपास ३०० न्यूटन-मीटर होतो, चाकाचा नट सहसा त्याहून बराच कमी घट्ट असतो. पण हे नट सोडायलाच, जॅक लावण्याआधी, चाक जमिनीवर असताना. घट्ट करताना टॉर्क रेंच (किती जोराने पिळलं ते कळणारा पाना) वापरा आणि ५०-१०० किलोमीटर गेल्यावर पुन्हा तपासा. टायरचे खाचे चांगले दिसले तरी फसू नका. मोटरहोम वर्षातले बरेच महिने उभी असते, तिचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, २३२१ म्हणजे २०२१ चा २३ वा आठवडा. हवा सकाळी टायर थंड असतानाच मोजायची.

बसण्याचं: स्टिअरिंगपासून छातीपर्यंत निदान २५ सेंटिमीटर अंतर ठेवा, एअरबॅगसाठी. उंची कमी असेल तर आधी सीट वर घ्या, पुढे ओढणं नंतर. मागे उंच अंबाडा किंवा मोठा क्लिप लावून गाडी चालवू नका, डोकं हेडरेस्टपासून दूर राहतं आणि धडक बसली तर मान जाते. खाली बांधलेली किंवा बाजूला घेतलेली वेणी ठीक. पायात चप्पल नको, आणि मेकअपची बाटली घरंगळत ब्रेकखाली जाईल अशी मोकळी नको.

वळताना मागच्या चाकांच्या मागे उरलेला लांब भाग उलट्या बाजूला झुलतो, तो खांबाला लागतो; बहीण उतरून बघेल. गाडीची उंची कागदावर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा. निघण्याआधी दोघींपैकी एकीने मोठ्याने वाचायचं: गॅस बंद, पायरी आत, छताचे व्हेंट बंद, खिडक्या, फ्रिजचं कुलूप, कपाटं, विजेची केबल काढली, शॉवरचं दार अडकवलं. चुकून पायरी बाहेर राहिली तर ती रस्त्याकडेच्या दगडाला देऊन याल.

रात्रीसाठी: उजेड असताना पोहोचा, गाडीचं तोंड बाहेर जायच्या दिशेने ठेवा, चाव्यांची जागा एकच. पुढच्या सीट झोपताना चालवायच्या स्थितीत फिरवून ठेवा, म्हणजे दार न उघडता आतूनच चालकाच्या जागी जाता येतं. काचेवर बाहेरून लावायचा थंडीचा पडदा गरम ठेवतो, पण तो काढायला खाली उतरावं लागतं. दोघीच असाल तर आतून लावायचा घ्या.

गाडी ताब्यात घेताना देणाऱ्याला हे प्रत्यक्ष करून दाखवायला सांगा आणि मोबाइलवर व्हिडिओ काढा: टॉयलेटची टाकी कशी निघते, गॅसची मुख्य चावी कुठे, सांडपाण्याचा व्हॉल्व्ह कुठला, फ्यूज कुठे, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे का. जादा चाक आहे का तेही विचारा. कित्येक मोटरहोममध्ये ते नसतंच, नुसता कॉम्प्रेसर आणि पंक्चर भरायच्या द्रवाची बाटली देतात. तसं असेल तर पान्याचा विषय सोडा आणि रस्त्यावर मदतीला येणाऱ्या सेवेचा नंबर दोघींच्या फोनमध्ये घालून घ्या.