पहिलं धनुष्य आपल्या हाताच्या मापाचं

प्रश्न : नमस्कार ताई. आम्ही विस्कॉन्सिनमध्ये मॅडिसनजवळ राहतो. मी ३४ वर्षांची, उंची ५ फूट २ इंच. गेल्या वर्षी शेजारच्या आजोबांबरोबर दोनदा झाडावरच्या मचाणावर बसले, त्यांनी मारलेल्या हरणाचं मांस घरी आणून शिजवलं, आणि तेव्हापासून मनात आहे की आपणही धनुष्यबाणाने शिकार शिकायची. नवऱ्याचे एक सहकारी त्यांचं जुनं कंपाउंड (टोकांना चाकं असलेलं) धनुष्य फुकट देतायत, ७० पौंडांचं (म्हणजे खेचायला तेवढा जोर लागतो), २९ इंच ड्रॉ लेंग्थचं (म्हणजे पूर्ण खेचल्यावरचं माप). एका दुकानात मात्र १५०० डॉलरचं दाखवलं. शिवाय पुढच्या सप्टेंबरात कोलोरॅडोला एल्कच्या (फार मोठ्या जातीच्या हरणाच्या) शिकारीला चला, असाही मित्रांचा आग्रह आहे. काय घेऊ, कुठून सुरुवात करू? आम्ही एच-वन-बी व्हिसावर आहोत. घरात हत्यार ठेवल्याने काही अडचण येईल का, ही नवऱ्याची काळजी.

उत्तर : त्या सहकाऱ्यांचे मनापासून आभार माना, आणि ते धनुष्य त्यांच्याकडेच राहू द्या. १५०० डॉलरचंही आत्ता नको.

माझं पहिलं धनुष्य असंच ओळखीतून आलेलं होतं. ५५ पौंडांचं, २८ इंची. माझं माप २५. पूर्ण खेचलं की दोरी गालाच्या मागे कानापाशी जायची, मी कमरेतून मागे वाकायचे, आणि दोरी सुटताना डाव्या हाताच्या आतल्या बाजूला असा फटका द्यायची की मनगटापासून कोपरापर्यंत हात काळानिळा व्हायचा. शिकताना सगळ्यांचंच असं होतं, असं मी धरून चालले. नोव्हेंबरात २८ यार्डांवर एक मादी आली. थंडीने हात आखडलेले, अंगात जाड जाकीट. धनुष्य आभाळाकडे करून कसंबसं खेचलं, बाण सुटताना दोरी बाहीला घासली आणि नेम मागे गेला. बाण सापडला तेव्हा त्याला पोटाखालचे पांढरे, राठ केस चिकटलेले होते आणि हिरवट-तपकिरी ओल होती, तिला कुजलेल्या वैरणीसारखा वास. म्हणजे पोटात लागला होता. तेव्हा थांबायला हवं होतं, निदान ८-१० तास. मी लगेच मागे धावले, ती उठून आणखी लांब पळाली, रात्री बर्फ पडलं आणि रक्ताचा माग पुसला गेला. तिसऱ्या दिवशी ओढ्याकाठी सापडली, कोयोट्यांनी खाल्लेली.

हे सांगितलं ते एवढ्यासाठी की धनुष्य मापाचं नसेल तर त्याची किंमत तुम्ही मोजत नाही, ते जनावर मोजतं.

माप काढणं अगदी सोपं आहे. भिंतीला पाठ लावून दोन्ही हात आडवे पसरा, ताणू नका, आणि एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत टेपने मोजायला सांगा. जितके इंच येतील त्याला अडीचने भागा. तुमच्या उंचीला हे अंतर साधारण ६२ इंच भरेल, म्हणजे ड्रॉ लेंग्थ २५ इंचांच्या आत-बाहेर. दुकानातला माणूस अर्धा इंच इकडेतिकडे करेल, ते चालतं. पण २९ इंची धनुष्य तुमच्या हातात कोणत्याही युक्तीने बसणार नाही.

त्याआधी एक डोळ्याची परीक्षा करा. दोन्ही पंजे पुढे धरून मधे छोटा त्रिकोण करा, त्यातून दारावरची घंटा किंवा घड्याळ बघा, मग एकेक डोळा मिटा. जो उघडा असताना वस्तू त्रिकोणातच राहते तो तुमचा मुख्य डोळा. तो डावा असेल तर उजव्या हाताने जेवत-लिहीत असलात तरी डावरं धनुष्य घेण्याचा विचार करा. नव्या शिकणाऱ्याला दोन्ही सारखंच अवघड असतं. पाच वर्षांनी बदलणं मात्र फार जड जातं.

आता पाउंडेज, म्हणजे खेचायला लागणारा जोर. विस्कॉन्सिनात हरणासाठी कायद्याने कमीत कमी ३० पौंड लागतात. तुम्ही ४० ते ४५चं लक्ष्य ठेवा आणि सुरुवात ३०-३२वर करा. दर दोन-तीन आठवड्यांनी दोन पौंड वाढवत न्या. पाउंडेज झेपतंय की नाही हे बघायला मी एकच कसोटी मानते. स्टुलावर बसा, पाय जमिनीवर, धनुष्य नेमाच्या दिशेने सरळ धरा आणि तिथूनच मागे खेचा. धनुष्य वर आभाळाकडे किंवा खाली पायांकडे न्यावं लागलं तर ते तुमच्यासाठी जड आहे, मग सरावाच्या मैदानात उभं राहून कितीही सुरेख जमत असो. मचाणावर तुम्ही अवघडून बसलेल्या असणार, गारठलेल्या असणार, आणि हरीण २० पावलांवर तुमच्याकडेच बघत असणार.

कंपाउंडचा मोठा फायदा इथे कळतो. १९६६मध्ये मिसुरीच्या हॉलिस विल्बर अ‍ॅलन यांनी याच्या पेटंटसाठी अर्ज केला, १९६९मध्ये ते मिळालं. टोकांना बसवलेल्या चाकांमुळे खेच पूर्ण झाली की भार एकदम उतरतो, याला लेट-ऑफ म्हणतात. ४५ पौंडांच्या धनुष्याला ८० टक्के लेट-ऑफ असेल तर शेवटी हातात उरतात ९ पौंड. हरीण झाडाआडून बाहेर येईपर्यंत मिनिटभर तसंच धरून थांबता येतं. साध्या लाकडी धनुष्याची मला ओढ आहे, पण पहिल्या शिकारीसाठी ते मी कुणालाच सुचवत नाही.

नेमकं नाव हवं असेल तर डायमंडचं इन्फिनिट एज प्रो किंवा बेअरचं क्रूझर जी-टू या वर्गातलं बघा. दोन्ही ५ ते ७० पौंडांपर्यंत बदलतात, आणि ड्रॉ लेंग्थही २५ इंचांच्या खूप खालपासून वर जाते. अ‍ॅलन पान्याने घरच्या घरी जमतं, धनुष्य दाबून धरणारं यंत्र (प्रेस) लागत नाही. साइट (नेम धरायची खूण), रेस्ट (बाण टेकायची जागा), भाता असं बसवूनच मिळतं. ढोबळमानाने चार-पाचशे डॉलर धरा. असंच चांगल्या अवस्थेतलं जुनं मिळालं तर खुशाल घ्या, पण आधी दुकानात दाखवा: दोरी फुसफुशीत झालीय का, लिंबला, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या बाहूला, केसाएवढी चीर आहे का. आणि बाण न लावता दोरी कधीही सोडू नका, कुणा पाहुण्यालाही सोडू देऊ नका. बाणात जायची ती सगळी ताकद धनुष्यातच फुटते.

धनुष्यावर वाचवलेले पैसे बाणावर आणि त्याच्या टोकाच्या पात्यावर घाला. बाणावरचा ५००, ४००, ३४० हा आकडा म्हणजे त्याचा ताठपणा, आणि तो उलटा वाचायचा: आकडा लहान तेवढा बाण ताठ. २८ इंचांच्या टेकूंवर बाण आडवा ठेवून मधोमध १.९४ पौंडांचं वजन टांगलं की तो जितका वाकतो, त्यावरून हा आकडा येतो. तुमच्या ताकदीला ५०० किंवा ६००चा लागेल, नक्की काय ते दुकानातल्या तक्त्यावरून ठरवा. टोकासकट बाणाचं वजन ३८० ग्रेनच्या, म्हणजे साधारण २५ ग्रॅमच्या आसपास असू द्या. हलका बाण वेगाने जातो खरा, पण आत शिरायला वजन लागतं. कार्बनचा बाण दर वेळी चढवण्याआधी कानाशी धरून हलकेच वाकवा. बारीक करकर ऐकू आली तर तो मोडून टाका, सुटताना फुटला तर त्याच्या फाका तळहातात घुसतात.

पातं आपल्या राज्यात निदान ७/८ इंच रुंद आणि धारदार असावंच लागतं. उघडझाप होणारी पाती तुम्ही घेऊ नका. ती उघडायला ताकद खर्च होते आणि कमी पाउंडेजच्या बाणाकडे ती शिल्लक नसते. पक्कं बसवलेलं, टोकापासूनच कापत जाणारं १०० ग्रेनचं पातं घ्या. धार बघायला मी वर्तमानपत्राची कड हातात धरते. पात्याने ती न अडकता, न फाटता कापली तरच ते भात्यात जातं. सरावाची टोकंही १०० ग्रेनचीच ठेवा, पण मोसमाआधी खरी पाती लावून नेम तपासाच. तीच साइट असूनही ती दोन-चार इंच इकडेतिकडे लागू शकतात.

मनगटाला पट्टा असलेलं साधं रिलीज (दोरी धरून सोडायचा चाप) घ्या, हाताला आर्म-गार्ड बांधा. जाकीट घालून सराव करा, ही माझी कळकळीची विनंती.

एका गोष्टीत मात्र काटकसर नाही: पूर्ण अंगाचा हार्नेस. जमिनीवरून पाय उचलल्यापासून परत टेकेपर्यंत तुम्ही दोराला बांधलेल्या असल्या पाहिजेत. फक्त वर बसल्यावर बांधून चालत नाही, माणसं चढता-उतरताना पडतात. धनुष्य पाठीला लावून चढू नका, वर बसल्यावर दोरीने ओढून घ्या, बाण भात्यात झाकलेले.

किती लांबून मारायचं? तुमचा बाण सेकंदाला साधारण २०० फूट जाईल. २० यार्ड म्हणजे ६० फूट, बाणाला ०.३ सेकंद लागतात. दोरीचा आवाज त्याआधीच, ०.०६ सेकंदांच्या आत पोचतो. उरलेल्या वेळात दचकलेलं हरीण पळण्यासाठी खाली दबतं आणि बाण पाठीवरून जातो किंवा भलतीकडे लागतो. म्हणून पहिल्या वर्षी २० यार्ड ही हद्द, तीही हरीण आडवं किंवा किंचित पाठमोरं उभं असेल तरच. समोरून नाही, चालत असताना नाही. बाण लागला की मनगटावरचं घड्याळ बघा. फेसाळ, गुलाबी रक्त म्हणजे फुप्फुस, तरी अर्धा तास जागचं हलायचं नाही. गडद रक्त म्हणजे यकृत, ४ ते ६ तास. पोटाचं वर लिहिलंच आहे.

एल्कला पुढच्या वर्षी जाऊ नका. तयार नर ३०० किलोंच्या वर भरतो, डोंगर उंच, नेम लांबचे. कोलोरॅडोत किमान ३५ पौंड लागतात आणि ८० टक्क्यांपेक्षा जास्त लेट-ऑफ चालत नाही, हे धनुष्य घेतानाच लक्षात ठेवा. दोन मोसम इथल्या हरणांवर काढा, पाउंडेज पन्नाशीला न्या, मग आपण पुन्हा बोलू.

व्हिसाचं म्हणाल तर तात्पुरत्या व्हिसावरच्यांसाठी असलेला केंद्रीय कायद्याचा निर्बंध बंदुकांपुरता आहे, धनुष्य त्या व्याख्येत येत नाही. शिकारीचा परवाना मात्र हवाच. १ जानेवारी १९७३ला किंवा नंतर जन्मलेल्यांना इथे हंटर एज्युकेशनचं प्रमाणपत्र लागतं, म्हणजे तुम्हालाही. वर्ग लवकर भरतात. आणि मॅडिसनच्या आसपास हरणांमध्ये क्रॉनिक वेस्टिंग डिसीज (त्यांना खंगवून मारणारा मेंदूचा रोग) आहे, राज्यात तो पहिल्यांदा २००२मध्ये सापडला. डीएनआर (राज्याचं नैसर्गिक संपत्ती खातं) तपासणी फुकट करून देतं. निकाल येईपर्यंत मांस वेगळं बांधून, नाव-तारीख घालून फ्रीझरमध्ये ठेवा. रोग निघाला तर ते खायचं नाही.

प्रश्न : मी १९ वर्षांचा, कराडजवळचा. आमच्या उसात रानडुकरं फार नासधूस करतात. कंपाउंड धनुष्य घेऊन ती मारली तर चालेल का?

उत्तर : नाही, बाळा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बंदूक आणि बाण असा भेद नाही. मारण्याचा नुसता प्रयत्नही शिकारच धरली जाते. वनाधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय काही करू नकोस. नुकसान झालं की लगेच वन खात्याकडे अर्ज करा, पंचनामा करून घ्या, भरपाईची तरतूद आहे.

पण धनुष्य घ्यायची इच्छा सोडू नकोस. २०२३च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला आपल्या साताऱ्याची आदिती स्वामी १७व्या वर्षी कंपाउंडमध्ये जगज्जेती झाली, अंतिम फेरीत १५०पैकी १४९ गुण. त्याच दिवशी नागपूरचा ओजस देवतळे १५०पैकी १५० घेऊन जिंकला. दोघंही साताऱ्यात प्रवीण सावंत सरांकडे घडलेले. मी सातारा जिल्ह्यातल्याच एका वाडीची, त्या रात्री इथे आम्ही सगळ्यांनी मिळून शिरा केला होता. २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धाही आहे. कराडहून सातारा तासाभराचा. एखाद्या रविवारी मैदानावर जा, आणि काही विकत घेण्याआधी तिथे आपली ड्रॉ लेंग्थ मोजून घे.