जुनी दप्तरे, वाचकांचे प्रश्न : आत्याचे एडन

प्रश्न : माझे आजोबा एडनच्या बंदरावर कारकून होते. वडिलांचा जन्म तिथलाच, १९२९चा. धाकटी आत्याही तिथलीच, १९३८ची. वडिलांच्या जन्माच्या दाखल्यावर ‘एडन, मुंबई इलाखा’ असे लिहिले आहे. भाऊबंद म्हणतात, अरबस्तानातले गाव मुंबई इलाख्यात कसे असेल, लिहिणाऱ्याने काहीतरी घोळ घातला असणार. घरात ट्रंकभर पत्रे आणि फोटो आहेत. आत्या आता थकली आहे. तिला काय विचारावे आणि कसे? — एक वाचक, चिपळूण

उत्तर : दाखल्यावर लिहिले आहे ते अगदी बरोबर आहे. तो कागद जपा. १९ जानेवारी १८३९ला मुंबईहून गेलेल्या फौजेने एडन घेतले आणि तिथला कारभार मुंबई सरकारच्या हाती आला. कॅप्टन हेन्स हा पहिला पोलिटिकल एजंट. त्याने हुकूम मागायचे मुंबईकडे, पैसे मागायचे तेही मुंबईकडे. पुढे तिजोरीच्या हिशेबात तूट निघाली, तेव्हा त्या देण्यापायी तो मुंबईच्याच तुरुंगात सहा वर्षे अडकून पडला. १८६० मध्ये सुटला आणि थोड्याच दिवसांत वारला.

मुंबईला एडन हवे होते ते मुख्यतः आगबोटींच्या कोळशासाठी. मुंबईत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ १८३०ला सुएझकडे निघाली, तेव्हा तिने वाटेत एडनलाच कोळसा भरून घेतला होता. १८६९ला सुएझचा कालवा खुला झाल्यावर तर विलायतेच्या वाटेवरच्या बोटींचे ते हक्काचे ठाणे झाले. कोळसा आला म्हणजे हमाल आले, गोदामे आली, वह्या आल्या आणि वह्या लिहिणारेही आले. तुमचे आजोबा त्या वाटेने तिथे पोचले.

१९३२ला एडन मुंबईकडून काढून थेट हिंदुस्थान सरकारकडे दिले गेले आणि १ एप्रिल १९३७ला ती ब्रिटिशांची वेगळी वसाहत झाली. म्हणजे एकाच गावी जन्मलेल्या या दोघा भावंडांपैकी तुमचे वडील मुंबई इलाख्यातले आणि आत्या परक्या वसाहतीतली. भाऊबंदांना दोघांचे दाखले शेजारी ठेवून दाखवा.

आता ट्रंकेबद्दल. पत्रांची पाकिटे फेकू नका, हे मी फार कळकळीने सांगते. मी उभी हयात सरकारी दप्तरखान्यात काढली. लोक पत्र ठेवतात आणि पाकीट टाकून देतात, हे पाहून दरवेळी जीव हळहळतो. पत्रावर तारीख नसली तरी तिकीट बोलते. हिंदुस्थानचे तिकीट आणि शिक्का एडनचा असेल तर ते पत्र एप्रिल १९३७च्या आधीचे. गलबताचे चित्र असलेली एडनची पहिली स्वतःची तिकिटे त्याच महिन्यात निघाली. १९३९पासून सहाव्या जॉर्जचा चेहरा असलेली नेहमीची तिकिटे आली. किंमत मात्र आणे-रुपयांतच राहिली, कारण एडनला १९५१पर्यंत आपलाच रुपया चालत होता. त्या वर्षी पूर्व आफ्रिकेचे शिलिंग आले आणि तिकिटांवर सेंट-शिलिंगांचे आकडे छापले गेले. एवढ्यावरून बिनतारखेची पत्रे तुम्हाला ओळीने लावता येतील. शिक्क्यावर ‘एडन कँप’ दिसले तर ते क्रेटर, म्हणजे डोंगराच्या कड्यात वसलेले जुने गाव. ‘स्टीमर पॉइंट’ दिसले तर तवाही, जिथे बोटी लागत. फाटलेल्या कागदांना चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने नावे लिहा, आणि ती आत्या समोर बसली असतानाच.

खरे काम आत्याकडेच आहे. काळा घोड्याजवळच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचा पुराभिलेख आहे. तिथे राजकीय विभागाच्या दप्तरात एडनचे खंडच्या खंड पडले आहेत. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतही एडनचे मोठे दप्तर आहे. या कागदांत पाण्याची चिंता जागोजाग भेटते. तवीलाचे जुने हौद, समुद्राच्या पाण्याची वाफ थंड करून केलेले गोडे पाणी, उंटाच्या गाड्यांवरून वाहून आणलेले पाणी. पण एका चिपळूणकर बाईने त्या पाण्यात घर कसे चालवले, हे कुठल्याच साहेबाने लिहून ठेवलेले नाही. ते फक्त आत्याला ठाऊक आहे आणि तिच्यानंतर कोणालाही ठाऊक नसेल. म्हणून दिवाळीची वाट पाहू नका, येत्या रविवारीच बसा.

‘एडन कसे होते?’ असे विचाराल तर ‘छान होते’ एवढेच ऐकायला मिळेल. त्याऐवजी सकाळी दार उघडल्यावर समोर काय दिसायचे ते विचारा. पाणी कोण आणून द्यायचे, किती हंडे, आंघोळीला किती मिळायचे? सुरमई तिथेही मिळते, मग आजी कालवणाला नारळ कुठून आणायची? गणपती बसायचा का, आणि मूर्ती बोटीतून यायची की तिथेच कोणी घडवायचे? उन्हाळ्यात गच्चीवर झोपायचे का? शेजारी कोण होते? अरब, सोमाली, यहुदी, गुजराती, बोहरी, पारशी हे सगळे त्या गावात होते. मुलांचे खेळ कुठल्या भाषेत चालायचे? नकाशा समोर ठेवा आणि बोट तिचे तिला फिरवू द्या.

एक गोष्ट मात्र सांभाळून. डिसेंबर १९४७ मध्ये एडनला यहुद्यांविरुद्ध मोठी दंगल झाली, माणसे मारली गेली. आत्या तेव्हा नऊ वर्षांची होती. ती आपणहून बोलली तर ऐका, गप्प झाली तर विषय सोडून द्या. शेजारचे एखादे घर तिच्या मनात अजून असेल.

सन चुकले तर तिला अडवू नका. ती सांगते तसेच लिहा, बरोबर तारीख नंतर समासात टाका. सप्टेंबर १९३१ मध्ये गांधीजी गोलमेज परिषदेला जाताना एडनला उतरले होते, तिथल्या लोकांनी त्यांचा सत्कार केला होता. आत्या तेव्हा जन्मलीही नव्हती, तरी आजोबांकडून ऐकलेले ती डोळ्यांनी पाहिल्यासारखे सांगेल. सांगू द्या. आजोबांचा आवाज घरात उरला आहे तो तेवढाच.

मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा, आणि त्याच आठवड्यात सगळे वहीत उतरवून काढा. एक प्रत चिपळूणच्या वाचनालयाला द्या. कोकणातल्या आणखी किती घरांत अशा ट्रंका असतील, याचा विचार मनातून जात नाही.

प्रश्न : एडनशी नाते सांगणारे महाराष्ट्रात आज काय आहे? — विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : लोणावळ्याची अग्यारी. एडनच्या पारशांचा पवित्र अग्नी १९७६ला विमानाने मुंबईला आणला गेला आणि तिथून लोणावळ्याला नेऊन स्थापन केला. पारशी नसलेल्यांना आत जाता येत नाही, तेव्हा बाहेरूनच हात जोडा.

दुसरे, पनवेलजवळचे शिरढोण, वासुदेव बळवंत फडक्यांचे गाव. जन्मठेपेवर त्यांना एडनला ठेवले होते. फेब्रुवारी १८८३ मध्ये त्यांनी कोठडीचे दार बिजागरीतून उखडले आणि ते पळाले. लगेच पकडले गेले, आणि १७ फेब्रुवारीला तुरुंगातच वारले. शिरढोणला त्यांचे स्मारक आहे. पुण्याहून सकाळी निघालात तर लोणावळा आणि शिरढोण एकाच दिवसात होतात.