खांड तीच, झळ वेगवेगळी

प्रश्न : मी पेण तालुक्यातील खाडीकाठच्या गावची असून भूगोल घेऊन बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला शिकते. ‘हवामानबदलाचा आमच्या गावावरील परिणाम’ हा विषय मी प्रकल्पासाठी घेतला आहे. परंतु मार्गदर्शकांच्या मते तो आवाक्याबाहेरचा आहे. काय करावे?

उत्तर : मार्गदर्शकांचे म्हणणे रास्त आहे. एखाद्या ठिकाणचे सरासरी हवामान ठरवताना ३० वर्षांच्या नोंदी धरण्याचा प्रघात असल्यामुळे गावचे हवामान बदलले, हे एका सत्रात सिद्ध करण्याच्या भरीस पडू नका. त्याऐवजी एवढेच शोधा, की उधाणात खारबंदिस्तीला, म्हणजे खाडीचे खारे पाणी अडवणाऱ्या बांधाला, खांड (भगदाड) पडून तेच पाणी शिरले, तरी एक घर सावरते आणि शेजारचे मोडते, हे कशामुळे? हवामानबदलविषयक आंतरशासकीय समितीच्या २०१४ च्या अहवालात संकट, त्याच्या टप्प्यात असणे आणि त्यापुढील असुरक्षितता या बाबी वेगळ्या मांडल्या आहेत. तुमचा अभ्यास तिसरीचा, म्हणजे असुरक्षिततेचा.

तीस-चाळीस घरे पुरेत. ‘हवामान बदलले का?’ असे विचारू नका. सगळे होच म्हणतील. ‘या शेतातले भात शेवटचे कधी झोडले?’ असे विचारा आणि साल आठवत नसेल तर २६ जुलै २००५ च्या पुराआधी की नंतर, २०२० च्या निसर्ग वादळाआधी की नंतर, अशी खूण द्या. जमीन स्वतःची की कुळाने केलेली, घरात कोणाला पगार आहे का, खारे पाणी शिरलेल्या शेतात कोणी जिताडा हा मासा पाळला का, हेही नोंदवा. शेत पडीक राहून त्यात कांदळवन (खारफुटी) वाढले असेल, तर ते प्रकरण निराळे. कारण २०१८ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर ते तोडून पुन्हा भात लावणे शेतकऱ्याच्या हाती राहिलेले नाही.

प्रत्येक खांडीचे खापर समुद्रावर फोडू नका. ओहोटीच्या वेळी जाणत्या शेतकऱ्याबरोबर बांधावरून चाला. खेकड्यांची बिळे, खचलेली दगडी पिचिंग (बांधाच्या उतारावरचे दगडी अस्तर) आणि झडप निखळलेली उघाडी (बांधातले पाणी सोडण्याचे दार) दिसली, तर तीही नोंदीत हवी. दुरुस्तीविना राहिलेला बांध साध्या उधाणानेही फुटतो.

अहवालात शेतकऱ्यांची नावे आणि गट क्रमांक मात्र छापू नका. नुकसानभरपाईचे वाद असलेल्या गावात तुमचा तक्ता कोणाच्या विरोधात वापरला जाईल, सांगता येत नाही.