गोवरच्या सर्व्हेला नव्याने लागलीयस ना, मग हे वाच

अगं पहिली गोष्ट, ताप आणि अंगावर पुरळ दिसलं की नोंद करायचीच, "गोवरच वाटत नाही, घामोळं असेल" असं आपण ठरवायचं नाही, ते लॅब ठरवेल. उलट जिथून गोवर नसलेल्या पुरळाच्या केसेस पण येत नाहीत तिथे मला जास्त भीती वाटते, कारण लाख लोकसंख्येमागे वर्षाला निदान 2 तरी अशा केसेस सापडायला हव्यात, नाहीतर समजायचं की शोधतच नाहीयेत.

पुरळ कधी उठलं ती तारीख नीट विचार. रिपोर्टची तारीख नाही हं, पुरळाची! साथीचा सगळा ग्राफ त्यावर उभा असतो, आणि पुरळाच्या 4 दिवस आधीपासून 4 दिवस नंतरपर्यंत मूल दुसऱ्यांना गोवर देतं म्हणून त्या दिवसांत ते कुठे कुठे गेलं, क्लास, मदरसा, गावची एसटी, सगळं लिहून घे. पहिल्या 3 दिवसांत घेतलेलं रक्त कधीकधी निगेटिव्ह येतं, तेवढ्यावर केस सोडू नकोस.

2022 ला मुंबईत गोवंडीत गोवरची साथ आली तेव्हा हेच शिकलो आम्ही. आधी घरात शिरायलाच देत नव्हते, मग त्याच गल्लीतली ताई सोबत नेली तेव्हा आतल्या खोलीत झोपवलेली पोरं दिसली. गोवरच्या लसीचा 9 महिन्यांचा आणि 16 ते 24 महिन्यांचा डोस कार्डावर स्वतः बघ, "दिलंय" म्हणाले तरी. आणि आजारी मुलाला व्हिटॅमिन एचे दोन दिवसांचे दोन डोस मिळाले का ते विचारल्याशिवाय जिना उतरू नकोस.