20, 24 की 26 इंच? आधी काडतूस ठरवा

तुमचा धाकटा भाऊ अमेरिकेत कोलोरॅडोत एल्कच्या, म्हणजे मोठ्या हरणाच्या, शिकारीसाठी रायफल बांधून घेतोय आणि बॅरल (नळी) 20, 24 की 26 इंच यावर अडलाय. त्याला आधी विचारा, काडतूस कोणतं? लांबी त्यावर ठरते.

बॅरल लांब असलं की नेम चांगला लागतो, हे पुण्यात बालेवाडीच्या नेमबाजी रेंजवरही नवी मुलं म्हणतात. तसं नाही. जाडी सारखी असेल तर आखूड बॅरल उलट जास्त ताठ असतं, गोळी सुटताना कमी थरथरतं. लांबीने वाढतो तो वेग, कारण दारूच्या वायूला गोळी ढकलायला जास्त अंतर मिळतं. .308 विंचेस्टर या काडतुसात इंचामागे सेकंदाला साधारण 20 ते 25 फुटांचा फरक पडतो. 24 चं 20 केलं तर शंभरेक फूट गेले. रायफल 200 यार्डांना झीरो केलेली (त्या अंतरावर नेम जुळवलेली) असेल तर 300 यार्डांवर गोळी त्यामुळे एखाद इंच जास्त खाली येईल, इतकंच. एल्कएवढ्या जनावरावर तेवढ्याने काही बिघडत नाही.

7 एमएम रेमिंग्टन मॅग्नम या काडतुसाचा हिशोब वेगळा. त्यात दारू बरीच जास्त आणि सावकाश जळणारी. आखूड बॅरलमध्ये तिचा पुरता उपयोग होत नाही, वर तोंडाशी जाळ आणि कानठळ्या बसवणारा आवाज. मॅग्नम घेणार असेल तर 24 च्या खाली जाऊ नये, माळरानावर लांबून मारायचं असेल तर 26.

वजन वाचतं म्हणून आखूड घ्यायचं, हे कारण मला पटत नाही. हलक्या बॅरलचा एक इंच म्हणजे जेमतेम 30 ग्रॅम. खरा फायदा दाट झाडीत वळताना आणि रायफल पाठीला लावून चढताना होतो. सप्रेसर (आवाज कमी करणारी नळी) लावणार असेल तर मात्र .308 ला 18 किंवा 20 च घ्यावं, कारण तो पुढे सहा-आठ इंच वाढवतो. नसेल लावणार तर माझं मत 22. मनात धाकधूक असेल तर 24 घ्यावं. चांगला गनस्मिथ (बंदुकीचा कारागीर) ते नंतर कापून नवा क्राउन, म्हणजे बॅरलच्या टोकाची नीट घासलेली कड, करून देतो, कापलेलं परत जोडता येत नाही. लांबी बंद बोल्टच्या (काडतुसामागच्या दट्ट्याच्या) तोंडापासून मोजतात, चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, धरून. ऑर्डर देताना हे गनस्मिथशी स्पष्ट बोलून घ्यावं. आणि अमेरिकेत रायफलचं बॅरल 16 इंचांच्या खाली गेलं की वेगळी फेडरल नोंदणी लागते.

आता तुमच्या आजोबांची .315 रायफल आखूड करण्याबद्दल. ती पुण्यात आहे, तिला हात लावू नका. शस्त्र कायदा 1959 च्या कलम 6 प्रमाणे खास परवान्याशिवाय बॅरल आखूड करणं गुन्हा आहे, नुसता शस्त्र बाळगण्याचा परवाना त्याला चालत नाही. शिकारीवर तर आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे, तेव्हा आखूड करून उपयोग तरी काय? ती आहे तशीच जपा, आणि दुरुस्तीला द्यायची झाली तर परवानाधारक दुकानातच द्या.