संपाची नोटीस लागली: घरात किती पैसे हवेत?

बडोद्याच्या औद्योगिक वसाहतींत काम करणाऱ्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत.

आमच्या युनियनने नोटीस दिली आहे. महिनाभराचा खर्च बाजूला आहे. पुरेल का? (मकरपुरा)

महिनाभराचा संप असेल तर महिनाभराचा खर्च पुरेल, हा हिशेब इथेच चुकतो. संपाचे दिवस मोजू नका, पगाराच्या तारखा मोजा.

समजा संप १२ जूनला सुरू झाला आणि २० जुलैला मिटला, म्हणजे ३९ दिवस चालला. ७ जूनला मे महिन्याचा पूर्ण पगार आला, त्यावर जून निघाला. ७ जुलैला जूनच्या पहिल्या ११ दिवसांतल्या नऊ-दहा हजेऱ्यांचेच पैसे येतील. ७ ऑगस्टलाही तसंच, कारण जुलैत तुम्ही २१ तारखेपासूनच कामावर आहात. पूर्ण पगार थेट ७ सप्टेंबरला. संप मिटून दीड महिना झालेला असतो आणि घरात तंगी सुरूच असते. बहुतेकांची उधारी संपात होत नाही, मिटल्यानंतरच्या या ऑगस्टमध्ये होते.

आकडे घालून पाहू. हजेरीमागे हातात ८०० रुपये येत असतील तर दोन अर्धवट पगारांच्या १९ हजेऱ्यांचे १५,२०० रुपये. घरखर्च महिना २२,००० असेल तर दोन महिन्यांचे ४४,०००. खड्डा २८,८०० रुपयांचा. खर्च १७,००० वर आणला तर १८,८०० चा. त्यामुळे काटकसर नोटीस लागली त्या दिवसापासून सुरू करायची, संप लागल्यावर नाही. औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे नोटीस दिल्यापासून १४ दिवस संप करता येत नाही. सरकारी समेट अधिकाऱ्यासमोर बोलणी सुरू झाली तर ती चालू असेपर्यंत आणि त्यानंतर ७ दिवसही नाही. म्हणजे बहुधा एक भरलेला पगार अजून हातात यायचा आहे. त्या पगारातून नवा मोबाइल घेऊ नका.

खर्च लिहिताना लाईटबिल विसरू नका. ते दोन महिन्यांनी येतं, म्हणून पहिला महिना स्वस्तात गेल्यासारखा वाटतो आणि दुसऱ्यात एकदम बसतं. शाळेची टर्म फी आणि एलआयसीचा तिमाही हप्ताही तसाच.

किती दिवस धरायचे? १९७४ चा रेल्वे संप ८ मे ते २७ मे असा २० दिवस चालला. मुंबईचा गिरणी संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला आणि तो रीतसर कधी मागेच घेतला गेला नाही. अंदाज बांधण्यापेक्षा दोन पगार बुडाले तर काय करायचं, हे आत्ताच घरात ठरवून ठेवा.

संपाच्या दिवसांचा पगार नंतर मिळतो ना? (सावली)

धरून चालू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ च्या निकालाप्रमाणे त्या काळाच्या पगाराचा हक्क संप कायदेशीर आणि समर्थनीय, दोन्ही असेल तरच मिळतो. प्रत्यक्षात हा मुद्दा समझोत्यात सुटतो: काही दिवस रजेत वळवतात, काहींची भरपाई जादा कामाने होते. तो पगार आला तर दिवाळी समजा. बोनसचं म्हणाल, तर तो एप्रिल ते मार्च या वर्षाच्या कमाईवर निघतो. जून-जुलैच्या संपाचा फटका यंदाच्या दिवाळीला नाही, पुढच्या वर्षीच्या दिवाळीला दिसेल.

पीएफमधून पैसे काढू असं सगळे म्हणतात. (नंदेसरी)

सगळे म्हणतात, पण नियम वाचलेला नसतो. सलग दोन महिने पगार न मिळाल्यास ॲडव्हान्स देणारी तरतूद पीएफ योजनेत आहे, पण तिच्यात स्पष्ट लिहिलं आहे: पगार न मिळण्याचं कारण संप नसावं. कारखाना १५ दिवसांहून जास्त बंद असेल आणि मोबदला मिळत नसेल, तर ती वेगळी बाब.

१३ ऑक्टोबर २०२५ च्या बैठकीत पीएफच्या विश्वस्त मंडळाने १३ तरतुदी एकत्र करून तीन गट करायचं ठरवलं. त्यातल्या ‘विशेष परिस्थिती’ या गटात कारण द्यावं लागणार नाही, २५ टक्के रक्कम मात्र खात्यात राहिली पाहिजे. पोर्टलवर अर्ज भरताना कोणता पर्याय दिसतो ते आजच उघडून पाहा. आणि मुख्य म्हणजे आधार, बँक खातं आणि नावाचं स्पेलिंग जुळतं का ते तपासा. कितीतरी दुरुस्त्यांना अजून कंपनीची मंजुरी लागते. गेटवर घोषणा चालू असताना ऑफिसमधलं कोणी तुमच्या नावातला ‘राव’ दुरुस्त करत बसणार नाही.

सोसायटीचं कर्ज आहे आणि मी दोघांना जामीनही आहे. (प्रतापनगर)

सगळ्यात धोक्याची गाठ हीच. पतसोसायटीचा हप्ता पगारातून कापला जातो; पगारच नाही म्हटल्यावर कपातही नाही, व्याज मात्र चालू. तुमचे जामीन आणि तुम्ही ज्यांना जामीन आहात ते, सगळे कारखान्याच्या एकाच विभागातले, एकाच संपात. एक घसरला की तिघे घसरतात. सोसायटीच्या सेक्रेटरींना संपाआधी लेखी अर्ज द्या: संपकाळात फक्त व्याज भरू, मुद्दलाचे हप्ते पुढे ढकला. तोंडी आश्वासन उपयोगाचं नाही.

बँकेच्या हप्त्याला वेगळा नियम. तारखेला खात्यात पैसे नसतील तर बँक आणि कर्ज देणारी कंपनी, दोघीही दंड लावतात. सगळे हप्ते भरता येत नसतील तर घराचा आणि ज्यात जामीन आहे तो आधी भरा. कोणताही हप्ता ९० दिवसांपलीकडे थकू देऊ नका, तिथून खातं थकीत कर्जात जातं. त्याआधी शाखेत जाऊन मुदत वाढवून मागा.

सोनं गहाण टाकावं का? (दांडिया बाजारातल्या एक गृहिणी)

टाकावं, पण बँकेत, सोनाराकडे नाही. महिना शेकडा दोन म्हणजे वर्षाला २४ टक्के. रिझर्व्ह बँकेच्या १ एप्रिल २०२६ पासूनच्या नियमांत बँकेला अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते. खडे आणि मोती वजनात धरत नाहीत. बांगड्या एका कर्जात आणि चेन दुसऱ्यात अशी वेगवेगळी पावती मागा, म्हणजे पैसे येतील तसा एकेक दागिना सोडवता येईल.

नोटिशीऐवजी सगळ्यांनी एकाच दिवशी सीएल (किरकोळ रजा) टाकायची, असं ठरतंय. (वाघोडिया)

नका करू. ५० टक्के किंवा जास्त कामगारांनी एका दिवशी एकदम रजा टाकली तर नव्या औद्योगिक संबंध संहितेत तो संपच मानला जातो, आणि नोटीस नसल्यामुळे बेकायदा. दंड १,००० ते १०,००० रुपये किंवा एक महिन्यापर्यंत कैद, किंवा दोन्ही. शिवाय नोकरीच्या करारात नोटिशीची अट असेल आणि १० किंवा जास्त जण मिळून सबळ कारणाशिवाय गैरहजर राहिले, तर आठ दिवसांपर्यंतचा पगार कापता येतो. एका दिवसाच्या सीएलसाठी हा सौदा परवडणारा नाही.

मिस्टरांचं ऑपरेशन आहे. ईएसआय (कामगार विमा) चालू राहील? (गोरवा)

उपचार चालू राहतील. जुलै ते डिसेंबरचे लाभ मागच्या ऑक्टोबर-मार्चमधल्या कपातीवर ठरलेले असतात. मात्र संपाच्या दिवसांचा आजारपणाचा भत्ता साधारणपणे मिळत नाही. एप्रिल-सप्टेंबरमध्ये ७८ दिवसांची कपात झाली पाहिजे, नाहीतर पुढच्या जानेवारी-जूनचा भत्ता अडेल. ३९ दिवसांच्या संपाने ती अट सहसा मोडत नाही. तीन महिन्यांच्या संपाने मोडू शकते.

तोवर दुसरीकडे काम करू का? (मांजलपूर)

कंपनीचे स्थायी आदेश, म्हणजे नोकरीचे लेखी नियम, आधी वाचा, बहुतेक ठिकाणी दुसरी नोकरी चालत नाही. संपात नोकरी तुटलेली नसते. दुसऱ्या कंपनीत लागलात आणि तिथे पीएफ कापला गेला तर त्याच यूएएनवर (पीएफच्या कायम नंबरवर) दोन नोकऱ्या एकाच तारखांना दिसतात, आणि पुढे चौकशीत तो कागद तुमच्याविरुद्ध निघतो. सासऱ्यांच्या दुकानावर बसणं किंवा बायकोच्या डब्यांच्या ऑर्डरी पोचवणं जास्त सुरक्षित. रिक्षा रोजाने घ्यायची असेल तर भाडं धंदा होवो न होवो द्यावंच लागतं. पहिल्या आठवड्याचं भाडं वेगळं काढून ठेवा.