वाचकांचे प्रश्न : मूर्ती नसलेल्या घरातील मूर्तिपूजा

प्रश्न : आमचे घराणे तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती असून घरात एकही मूर्ती नाही. तरीही आमचे पाळकसाहेब पैसा, मोबाइल, मुलांचे शिक्षण यांनाही मूर्ती म्हणतात, तेव्हा ते शब्द फार ताणतात असे मला वाटते. माझा मुलगा लातूरला राहून ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करतो. रविवारी सकाळी क्लासची चाचणी असते, त्यामुळे वर्षभरात तो जेमतेम चार वेळा उपासनेला गेला असेल. ही मूर्तिपूजा म्हणायची का? दुसरे असे, की माझी आई पेरणीपूर्वी प्रार्थनासभेतून आणलेले तेल बियाण्याच्या पिशव्यांना लावते. त्यात काही गैर आहे का?
– एक वाचक, अंबाजोगाई तालुका

उत्तर : पाळकसाहेबांनी शब्द ताणलेला नाही, प्रेषित पौलानेच तो तसा वापरला आहे. बायबलमधील कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात तो लोभाला मूर्तिपूजा म्हणतो, आणि लोभ काही कोणी घडवून कोनाड्यात ठेवत नाही. धर्मसुधारक मार्टिन लुथर यांनी १५२९ मध्ये दहा आज्ञांपैकी पहिल्या, म्हणजे ‘माझ्याखेरीज तुला दुसरे देव नसावेत’ या आज्ञेचे विवरण करताना सांगितले, की माणसाचे मन ज्याला धरून राहते आणि ज्याच्यावर विसंबते, तोच त्याचा खरा देव असतो. ही आज्ञा वाचताना शेजाऱ्याच्या देव्हाऱ्याकडे पाहण्याची आपली सवय आपण सोडावी, असे मला कळकळीने वाटते. कारण ती ज्या इस्राएल लोकांना दिली गेली त्यांना देवानेच मिसरातून (इजिप्तमधून) सोडवून आणले होते, आणि सीनाय डोंगराच्या पायथ्याशी पूजेसाठी सोन्याचे वासरू ओतले तेही त्यांनीच.

बेथेल हे नाव मराठवाड्यातील ख्रिस्ती माणसाला परके नाही. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ वसवलेल्या ख्रिस्ती वस्तीचे हेच नाव आहे. बेथेल म्हणजे देवाचे घर. इस्राएल लोकांचा पूर्वज याकोब याला स्वर्गापर्यंत पोचलेली शिडी दिसली ती बायबलमधल्या मूळ बेथेलात. पण पुढे त्याच बेथेलात यराबाम राजाने सोन्याचे वासरू बसवले, आणि ते बसवताना परमेश्वराला सोडा असे तो लोकांना म्हणाला नाही. यरुशलेमेच्या मंदिरापर्यंत चढून जाणे तुम्हाला फार होते, असे म्हणून त्याने वासराकडे बोट दाखवले आणि मिसरातून तुम्हाला आणणारा देव तो हाच, असे सांगितले (पहिले राजे, अध्याय १२). सोयीच्या वाटेने घरात आलेली मूर्ती लवकर ओळखू येत नाही ती यामुळेच.

आता मुलाविषयी. डॉक्टर होण्याची इच्छा ही मूर्ती नव्हे, आणि मूळ परीक्षाच गेली काही वर्षे रविवारी होत असल्याने त्या एका रविवाराचा दोष मुलाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. मला काळजी वाटते ती घराची. मागे लातुरात मी एका कुटुंबाला भेटायला गेलो होतो. भिंतीवर वचनांचे कॅलेंडर होते आणि त्याच खिळ्याला मुलाच्या चाचण्यांच्या गुणांचा कागद अडकवलेला होता. त्याखाली वचनाची शेवटची ओळ तेवढी दिसत होती. ७२० पैकी यावेळी किती पडले हे सांगताना आईचा आवाज चिरला, वडील उठून बाहेर गेले आणि त्या मुलाने सगळा वेळ ताटावरून मान वर केली नाही. त्या घरात त्या दिवशी आनंद कोणी द्यायचा आणि कोणी काढून घ्यायचा, हे तो कागद ठरवत होता, आणि देवाची जागा दुसऱ्याने घेतली असे मी म्हणतो ते याच अर्थाने. तुमच्या घरात गुण घसरले की काय घडते, हे तुम्ही दोघांनी प्रामाणिकपणे पाहावे. मुलाला संध्याकाळच्या उपासनेची मंडळी शोधून द्या आणि नापास झालास तरी तू आमचाच आहेस हे त्याला निकालाआधी, तुमच्या तोंडाने सांगा.

पैसा आणि मोबाइल यांनाही हीच कसोटी लावता येते, म्हणून त्यांवर वेगळे लिहीत नाही.

आईंच्या तेलाविषयी मात्र जरा जपून बोलावे लागेल. आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करावी, असे नव्या करारातील याकोबाच्या (हा याकोब वेगळा) पत्राच्या पाचव्या अध्यायातच सांगितले आहे, तेव्हा तेलात दोष नाही. पण मोशेने देवाच्याच आज्ञेने केलेला पितळी साप लक्षात घ्या. ज्याच्याकडे पाहून साप चावलेली माणसे वाचली, त्याच्यापुढे इस्राएल लोक पुढे धूप जाळू लागले आणि शेवटी हिज्कीया राजाला तो फोडून टाकावा लागला (दुसरे राजे, अध्याय १८). देवाने दिलेली वस्तूसुद्धा अशी मूर्ती होऊ शकते. पाऊस ओढ देतो तेव्हा शेतकऱ्याच्या पोटात जो गोळा येतो तो मी जवळून पाहिला आहे, त्यामुळे आईंची बाटली हिसकावून घ्या असे मी सांगणार नाही. तेल संपले तर पेरणी पुढे ढकलावीशी वाटते का, एवढे त्यांना प्रेमाने विचारा. उत्तर ‘हो’ असेल, तर यंदा पिशव्या उघडण्यापूर्वी सगळ्या घराने बांधावर उभे राहून, हात रिकामे ठेवून, त्यांच्यासोबत प्रार्थना करावी आणि ती प्रार्थना आईंनाच करू द्यावी.